कोळशाचा तास

(रायगड जिल्ह्यातल्या चौक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळसा कसा पाडतात हे या सभेत मी सांगायला नको. दिवाळी सरली की आपल्या वाड्यांवरचे कातकरी बिऱ्हाड उचलून भट्टीवर जातात. कुणी जवळपास जातात, कुणी घाट ओलांडून पार कर्नाटकापर्यंत, आणि पावसाच्या तोंडावर परततात. लाकडं रचायची, वर पाला घालून माती लिंपायची आणि आत हवा न शिरू देता दिवसच्या दिवस धुमसत ठेवायचं. कुठे माती खचून भगदाड पडलं की रात्री-अपरात्री उठून ते बुजवायचं, नाहीतर सगळ्या मेहनतीची राख होते. त्या कष्टांवर आणि कधीच न फिटणाऱ्या उचलीवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आणि ते माझ्याहून अधिकारी माणसाने द्यायला हवं. मी आज बोलणार आहे ते याच कोळशाच्या वैद्यकीय रूपाबद्दल. डॉक्टर त्याला अॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणतात, मराठीत सक्रिय कोळसा. पोटात विष गेलेल्या माणसाला तातडीने देण्यासारख्या ज्या मोजक्या गोष्टी आमच्या हातात असतात, त्यांतली ही एक.

मला जे सांगायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. या औषधाला साधारण एक तास मिळतो. विष पोटात गेल्यापासूनचा पहिला तास. आपल्या डोंगराळ तालुक्यांत तो तास बहुतेक वेळा दवाखान्याच्या दाराबाहेरच संपतो, आणि तो जातो कुठे हे पाहिलं तर त्यातला बराचसा भाग आपल्याला वाचवता येण्यासारखा आहे.

आधी औषध काय आहे ते पाहू. साध्या कोळशावर आणखी एक प्रक्रिया होते. नारळाच्या करवंटीचा किंवा लाकडाचा कोळसा आठशे ते हजार अंश तापमानाला वाफेत तापवतात. वाफ कोळशाला आतून पोखरत जाते आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं, छिद्रांत छिद्रं तयार होतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग उलगडून अंथरला तर तो साधारण एक हजार चौरस मीटर भरतो. आपल्या मापात सांगायचं तर दहा गुंठे. मोठ्या माणसाला एका वेळी पन्नास ग्रॅम देतात, म्हणजे एका पेल्यात बारा एकरांहून अधिक जमीन झाली. त्या जमिनीवर विषाचे रेणू चिकटून बसतात आणि रक्तात न शिरता कोळशाबरोबर शौचावाटे निघून जातात. कोळसा पचत नाही, आतड्यातून रक्तातही जात नाही. जसा जातो तसाच बाहेर पडतो.

पण हे चिकटणं म्हणजे नुसतं धरून ठेवणं. कोळसा विषाचं रूप पालटत नाही, त्याचा जोर मोडत नाही. म्हणून त्याला उतारा म्हणणं चुकीचं ठरेल. जे विष पोटातून पुढे सरकून रक्तात गेलं, ते बहुतेक वेळा त्याच्या हाताबाहेर गेलं. काही औषधं याला अपवाद आहेत. फिटसाठीचं कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, मलेरियावरचं क्विनीन ही रक्तातून पुन्हा आतड्यात झिरपतात, आणि काही तासांच्या अंतराने कोळसा देत राहिलं तर तिथे पकडता येतात. पण हा झाला मोठ्या रुग्णालयातला उपचार. आपल्यापुढचा प्रश्न पहिल्या मात्रेचा आहे.

ही विद्या कागदावर जमण्याआधी माणसांनी ती स्वतःच्या शरीरावर पाहिली. कोकणच्या रानात काजऱ्याचं झाड आहे, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याच्या चपट्या गोल बियांत स्ट्रिक्नीन नावाचं जहर असतं. शरीर धनुष्यासारखं वाकवणारे झटके येतात आणि माणूस शुद्धीवर असतानाच गुदमरून मरतो. १८३१ साली तुएरी नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने पॅरिसच्या वैद्यकीय अकादमीपुढे हे स्ट्रिक्नीन मारक मात्रेच्या कितीतरी पट घेतलं. मात्र ते पंधरा ग्रॅम कोळशात कालवून, आणि तो जिवंत राहिला. त्याच्याही आधी, १८१३ मध्ये, बर्त्रां यांनी सोमलावर असाच प्रयोग केल्याची नोंद आहे. असं धाडस आज कुणी करू नये आणि करायची गरजही नाही. त्या सभेतल्या डॉक्टरांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण हे औषध रोजच्या वापरात यायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

मधल्या काळात कोळशाकडे लक्ष वेधलं ते युद्धाने. पहिल्या महायुद्धात विषारी वायू सोडले जाऊ लागले तेव्हा १९१५ मध्ये रशियात झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेत लोकांनी पीचच्या आठळ्या आणि फळांची कवचं गोळा करून सरकारजमा केली, का तर त्यांचा कोळसा मुखवट्यांसाठी उत्तम होतो. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी मुलांच्या विषबाधेवर लेख लिहिला, त्याचं नावच ‘काळी बाटली’. तिथून पुढे तातडीच्या विभागात ही बाटली दिसू लागली. आज तुमच्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जी काळी कांडी असते तीही याच जातीची.

इथे एक धोक्याची सूचना. चुलीतला कोळसा कुटून पाजणं, भाकरी करपवून खायला घालणं, यातलं काहीही उपयोगाचं नाही. युरोप-अमेरिकेतही एके काळी जळका पाव, कडक चहा आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया यांचं मिश्रण ‘सगळ्या विषांवरचा उतारा’ म्हणून घरोघरी सांगितलं जात असे. तपासून पाहिल्यावर ते निरुपयोगी ठरलं. चुलीतल्या कोळशात तेवढी छिद्रंच नसतात. मेडिकलमध्ये गॅसेससाठी ज्या काळ्या गोळ्या मिळतात त्यांचाही इथे उपयोग नाही. एका गोळीत पाव ग्रॅमच्या आसपास कोळसा धरला तर पन्नास ग्रॅम भरायला दोनशे गोळ्या लागतील. विष प्यालेल्या माणसाला दोनशे गोळ्या कोण चारणार? हल्ली शहरांत कोळशाची आइस्क्रीमं आणि ‘शरीरशुद्धी’ची सरबतंही निघाली आहेत. धडधाकट माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. उलट रक्तदाबाची गोळी, फिटची गोळी, पाळणा लांबवायची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटातलं औषधच हा कोळसा धरून ठेवतो आणि गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होते.

आता सगळ्या विषांवर तो चालतो का? नाही, आणि हे गावात माहीत असायला हवं. लोह त्याला चिकटत नाही. आशाताई गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देऊन जातात, त्या रंगीत असतात, घरातलं दोन-तीन वर्षांचं पोर त्या खाऊ समजून तोंडात टाकतं. तिथे कोळशाचा काही उपयोग नाही. त्या मुलाला वेगळं औषध लागतं आणि त्याला मोठ्या रुग्णालयातच न्यावं लागतं. दारू आणि मिथेनॉल हेही त्याला चिकटत नाहीत. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तशा रुग्णाला कितीही कोळसा पाजला तरी उपयोग नसतो. संडास धुवायचं अॅसिड किंवा कॉस्टिक पोटात गेलं असेल तर कोळसा मुळीच द्यायचा नाही. तो चिकटत तर नाहीच, वर घशातल्या-पोटातल्या जखमा पाहायची दुर्बीण आत घातली की सगळं काळं दिसतं. रॉकेलचंही तेच. रॉकेल पोटात जेवढं घातक, त्याहून फुप्फुसात घातक, आणि उलटी काढली की ते नेमकं फुप्फुसात जातं.

साप-विंचवाबद्दल मला हमखास विचारतात. ते विष कातडीतून रक्तात शिरतं, पोटात येतच नाही, मग पोटातला कोळसा काय करणार? विंचवाच्या बाबतीत आपल्या रायगडाने जगाला दिलेला उपचार आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू किती खाली आणले, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवं. सर्पदंशाला प्रतिविष आहे. फवारणीतून होणारी बाधा हीही वेगळी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना शेतकरी दगावले, तिथे विष कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं. तशा वेळी पहिलं काम म्हणजे कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुणं. आणि धुणाऱ्याने आपले हात सांभाळणं.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या बऱ्याच गोळ्या, पॅरासिटामॉल, धोतऱ्याचं बी, बिट्टीचं बी, आणि शेतातल्या कीटकनाशकांपैकी अनेक. यांना कोळसा धरतो, वेळेत पोचला तर.

देतात कसा, तेही जवळून सांगतो, कारण ‘कोळसा पाजला’ हे बोलायला सोपं आहे. पन्नास ग्रॅम भुकटी दिसायला भरपूर असते आणि अतिशय हलकी. भांड्यात घाईने पाणी ओतलं तर ती उडते आणि टेबल, भिंत, एप्रन, नर्सबाईंचा चेहरा, सगळं काळं होतं. आधी थोडं पाणी, मग ढवळत ढवळत आणखी, असं आठपट पाण्यात तिचा घोळ करायचा. चवीला तो काहीच लागत नाही, पण दाताखाली कचकचतो आणि घशाशी अडतो. मुलाला वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम या हिशेबाने देतात. त्याला उघड्या पेल्यात दाखवला तर ते तोंडच उघडत नाही. झाकणाच्या पेल्यातून नळीने, आईच्या मांडीवर बसवून, थोडा थोडा द्यावा लागतो. ओठ, दात, हनुवटी, सगळं काळं होतं. पुष्कळांना उलटी होते, आणि तो काळा घोळ अंथरुणावर पडतो. त्यानंतर एक-दोन दिवस शौचास काळं होतं. नातेवाईक घाबरून येतात, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि इथेच या औषधाचा सगळ्यात मोठा धोका आहे. माणूस पूर्ण शुद्धीत असेल, स्वतः गिळू शकत असेल, तरच कोळसा तोंडाने द्यायचा. गुंगी आलेल्या, फिट आलेल्या, गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात तो ओतला तर श्वासनळीत उतरतो, आणि फुप्फुसात गेलेला कोळसा काढायला कुठलीही युक्ती नाही. अशा रुग्णाच्या श्वासनळीत आधी नळी घालून ती सुरक्षित करतात आणि मग गरज वाटली तर नाकातल्या नळीवाटे पोटात कोळसा सोडतात. ती नळी पोटातच आहे याची खात्री केल्याशिवाय एक थेंबही सोडायचा नसतो. म्हणून ‘मग आम्ही प्रत्येक घरात एक डबा ठेवू का’ या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००३ मध्ये घरात उलटीचं औषध ठेवायची जुनी शिफारस मागे घेतली आणि घरात कोळसा ठेवा असं सांगायलाही नकार दिला.

आता एक अडचणीची गोष्ट. ती टाळून बोललो तर मी तुम्हाला अर्धीच हकीकत सांगितली असं होईल. कोळशाने खरंच माणसं वाचतात का?

बिट्टीपासून सुरुवात करू. पिवळी फुलं येणारी ही झाडं आपल्याकडे कुंपणाला, देवळापाशी, हायवेच्या कडेला सगळीकडे आहेत. फुलं देवाला वाहतात, मुलं फळांनी खेळतात. त्या बियांतल्या विषाने हृदयाचे ठोके मंदावतात, अडखळतात, थांबतात. त्यावर नेमका उतारा आहे, पण तो इतका महाग की आपल्याकडे मिळणं जवळजवळ अशक्य. श्रीलंकेत ही बाधा फार मोठ्या प्रमाणावर होते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कोळशाची नीट परीक्षा घेतली. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. सुमारे चारशे रुग्णांपैकी ज्यांना पुन्हा पुन्हा कोळसा दिला त्यांच्यात मृत्यू अडीच टक्के, ज्यांना एकदाच दिला त्यांच्यात आठ टक्के. सगळ्यांना हायसं वाटलं. पाच वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच देशातून त्याच नियतकालिकात त्याहून कितीतरी मोठा अभ्यास आला. त्यात बिट्टी आणि कीटकनाशकं धरून साडेचार हजारांवर रुग्ण होते. एका गटाला कोळसा अनेकदा, एकाला एकदा, एकाला अजिबात नाही. मृत्यू तिन्ही गटांत जवळपास सारखेच, सहा-सात टक्के.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुष्कळ डॉक्टरांनी कपाटातली बाटली मागे सारली. मला ते घाईचं वाटतं. त्या अभ्यासातले अनेक रुग्ण आधी गावातल्या लहान दवाखान्यात गेले होते, तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले होते, आणि कोळसा पोटात पडेपर्यंत तास उलटून गेले होते. अभ्यास प्रामाणिक आहे आणि मी तो पूर्णपणे मानतो. उशिरा आलेल्या रुग्णाला सरसकट कोळसा पाजून मृत्यू कमी होत नाहीत, एवढं तो स्पष्ट सांगतो. पण लवकर आलेल्याचं काय, हा प्रश्न त्याने मिटवला असं मी मानत नाही. विषशास्त्राच्या अमेरिकी आणि युरोपीय संस्थांनी मिळून १९९७ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये जे निवेदन काढलं, त्याचा रोखही हाच आहे: सगळ्यांना नेहमी देऊ नका, चिकटणारं विष मारक प्रमाणात गेलं असेल आणि तास उलटला नसेल तर विचार करा. काही गोळ्या पोटात रेंगाळतात, तिथे थोडा अधिक अवधी मिळतो. पॅरासिटामॉलला चार तासांपर्यंतही द्यावा असं मानतात. पण शेतातल्या औषधांना एवढी सवलत नाही.

आणि कीटकनाशकाच्या रुग्णाचा जीव मुळात वाचवतात ते प्राणवायू, अॅट्रोपीन आणि श्वास चालू ठेवणारी यंत्रं. ऑरगॅनोफॉस्फेट गटाचं विष गेलं की तोंडाला फेस, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तिथे अॅट्रोपीनची मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत छाती कोरडी होईपर्यंत द्यायची असते. ते सोडून कोळसा कालवत बसणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. नातेवाईक बाहेरून ओरडत असतात, ‘पोट धुतलं का, पोट धुतलं का?’ पोट धुणं म्हणजेच उपचार अशी आपली पक्की समजूत झाली आहे. गुंगीतल्या माणसाचं पोट श्वासनळी न सांभाळता धुतलं तर ते पाणीही फुप्फुसात जातं. डॉक्टर पोट धूत नसतील तर त्याचं कारण विचारा, पण त्यासाठी त्यांच्या अंगावर धावून जाऊ नका.

आपल्या तालुक्यातली एक घटना मला इथे काढावीच लागेल. जून २०१८ मध्ये खालापूर तालुक्यातल्या महडला, अष्टविनायकाच्या महडला, वास्तुशांतीच्या जेवणात कीटकनाशक मिसळलं गेलं. ऐंशीहून अधिक माणसं आजारी पडली, पाच दगावली, त्यांत लहान मुलं होती. त्या घरांचं दुःख उगाळायला मी इथे आलेलो नाही, आणि तो खटला हा माझा विषयही नव्हे. डॉक्टर म्हणून मला त्यातली एक गोष्ट सतावते. पंगतीत जेवून उठलेल्या माणसांना उलट्या सुरू झाल्या की पहिला कयास काय होणार? शिळं अन्न, दूषित पाणी. तिथेही सुरुवातीला तसंच वाटलं. कीटकनाशक आहे हे तपासणीत पुढे आलं. विष आहे हेच जिथे माहीत नाही, तिथे तास मोजायला सुरुवात कुठून करायची? त्यात एका वेळी इतके रुग्ण, खोपोली, पनवेल, नवी मुंबई अशा दवाखान्यांत पांगलेले. उलट्या चालू असलेल्या माणसाच्या पोटात कोळसा टिकत नाही. अशा रात्री लागतात ते शहाणे डोळे: एकाच पंगतीतली माणसं, जेवल्यावर लगेच उलट्या, त्याबरोबर घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या. साध्या अन्नबाधेत हे सगळं एकत्र दिसत नाही. हे चित्र आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला आणि प्रत्येक आशाताईला ओळखता यायला हवं. एवढा एक धडा जरी त्या घटनेतून घेतला तरी पुढच्या वेळी दोन-तीन तास वाचतील.

आता तो तास कुठे जातो ते बघू.

आधी वाटेत. चौकला ग्रामीण रुग्णालय आहे, हायवे आहे, रेल्वे आहे. पण चौकच्या डोक्यावर जे डोंगर आहेत त्यांच्यावरच्या वाड्यांचं काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर गाडी जात नाही, यंत्र जात नाही, माणसाने पायीच चढायचं, हे साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. त्या चढणीवर मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने जीव गेला. ती वाट तुम्ही-आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. आजारी माणसाला झोळीत घालून, पावसात, चिखलात, त्याच वाटेने उतरवतात. अशा वाड्या कर्जत-खालापुरात अजून आहेत. त्यांच्यासाठी तास उतरणीवरच संपतो. यावर कोळसा हा उपाय नाही, रस्ता हाच उपाय आहे. आरोग्याच्या व्याख्यानात मी रस्ता मागतो आहे, याचं कुणाला नवल वाटू नये.

मग घरात. हा भाग मात्र आपल्या हातातला आहे. विष पोटात गेल्याचं कळलं की घरात धावाधाव सुरू होते. मिठाचं पाणी पाजायचं, घशात बोटं घालायची, तूप, दूध, ताक, साबणाचं पाणी, कुणी आणखी काही सांगेल ते. अर्धा तास यात जातो. मिठाच्या पाण्याने उलटी होईलच असं नाही, पण लहान मुलाच्या रक्तातलं मीठ वाढून त्याला फिट मात्र येऊ शकते. पुढचा अर्धा तास गप्प राहण्यात जातो: पोलीस केस होईल, लोक काय म्हणतील, सूनबाईचं माहेर काय म्हणेल. मग कुणीतरी भगताकडे नेतं. भगतांविषयी मी अनादराने बोलत नाही. रानातल्या कित्येक वनस्पतींचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, कडू कांदा कसा उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करायचा हे आमच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी वाड्यांवरच्या बायकांना ठाऊक होतं. म्हणूनच मी भगतांना आणि वाडीवरच्या जाणत्या बायकांना विनंती करतो की असा रुग्ण तुमच्याकडे आला तर तुमचा शब्द वापरून त्याला ताबडतोब खाली पाठवा. तुमचा शब्द लोक ऐकतात, आमचा उशिरा ऐकतात.

करायचं काय, ते थोडक्यात. उलटी काढायची नाही. काही पाजायचं नाही. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर निजवायचं. १०८ ला फोन करायचा आणि गाडी चढत नसेल तर रस्त्यापर्यंत उतरायला लागायचं. जे पोटात गेलं त्याची बाटली, पुडी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, झाडाची फळं-पानं, जे असेल ते बरोबर घ्यायचं आणि किती वाजता घेतलं ते लक्षात ठेवायचं. बाटलीवरच्या बारीक अक्षरांतलं एक नाव डॉक्टरांचा अर्धा तास वाचवतं, आणि कोळसा द्यायचा की नाही हे त्या नावावरच ठरतं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा मोफत फोन १८०० ११६ ११७. खेड्यातल्या डॉक्टरांनी तिथे विचारायला संकोच करू नये. मीही विचारतो.

आणि तिसरा वेळ जातो दवाखान्याच्या आत. कोळसा स्वस्त आहे. महाग आहे ते त्याचं वेळेवर हाती लागणं. तो तातडीच्या खोलीत आहे की आतल्या भांडारात? भांडाराची किल्ली रात्री कुणाकडे असते? मुदत संपली आहे का? झाकणाचा पेला, मापाचं भांडं, नाकातली नळी त्याच खणात आहे का? तो कालवायला कुणी शिकवलं आहे का? आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत गावची माणसं असतात. तिथे इमारतीच्या रंगावर तासभर चर्चा होते. हे पाच प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. डॉक्टरांना रागही येणार नाही, कारण वर मागणी करायला त्यांना तुमचा ठराव उपयोगी पडेल.

एवढं सगळं करून रुग्ण वाचला, शुद्धीवर आला, घरी निघाला, की आमचं काम संपलं असं आम्ही समजतो. मोठ्या माणसांच्या विषबाधेत पुष्कळदा ते विष त्याने स्वतःहून घेतलेलं असतं, क्षणाच्या रागात, कर्जाच्या काळजीत, घरातल्या भांडणात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यातले बरेच जण आपण जगलो म्हणून रडतात. त्यांच्याशी कुणी तरी बसून बोलायला हवं. १४४१६ हा टेलिमानसचा फोन २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र. तो नंबर डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्यावा, आणि घरच्यांनी त्या माणसाला टोमणे मारू नयेत.

श्रीलंकेचं उदाहरण मी मघाशी कोळशासाठी दिलं, पण त्या देशाची खरी कामगिरी वेगळीच आहे. तिथल्या सरकारने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी अत्यंत जहाल कीटकनाशकं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद केलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. शेतीचं उत्पन्न त्याने घटलं नाही. भांडणं, कर्जं, निराशा तिथेही होतीच. पण रागाच्या त्या घटकेला हाताशी आलेली बाटली कमी जहाल होती, आणि माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोचत होता. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस मागे घ्यायला २०२३ उजाडलं. त्याआधी दहा वर्षं, २०१३ च्या जुलैत, बिहारमधल्या छपरा भागात शाळेच्या जेवणात तेच गेलं आणि तेवीस मुलं गेली होती.

म्हणून येत्या ग्रामसभेत एक विषय घ्या असं मी सुचवतो. गेल्या हंगामातलं उरलेलं फवारणीचं औषध तुमच्या गावात कुणाकुणाच्या घरी आहे, कुठे ठेवलं आहे? मोरीवर, पलंगाखाली, धान्याच्या कणगीशेजारी, की थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून? पेरणीआधी प्रत्येक वाडीवर कुलपाची एक लोखंडी पेटी ठेवता येईल का, तिची एक किल्ली मालकाकडे आणि एक शेजारी? ग्रामपंचायतीच्या निधीतून हे सहज होईल. पेट्या कुणी बनवायच्या, किती लागतील, कोणत्या वाडीपासून सुरुवात करायची, हे आत्ताच, या सभागृहात ठरलं तर मला घरी जायला उशीर झाला तरी चालेल. संयोजकांनी वही आणली आहे, नावं त्यात लिहून घेऊ.